हो, दसऱ्याचा बाजार होता

आमच्या घरी एक इंग्रज माणूस आठवडाभर जेवून गेला. भाकर, तुरीचं वरण, ठेचा, जे पुढ्यात येईल ते. ठेच्यानं नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी ताट स्वच्छ करून उठायचा. आई म्हणायची, "चांगल्या घरचा दिसते हा." बाबा म्हणायचे, "पावना हाय, अजून वाढ त्याले." त्या माणसाबद्दल मी लिहायला बसले आहे, आणि गोड काही लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. आईबाबा गावाबाहेरच्या आमच्या वावरात फुलं पिकवतात. शेवंती, गुलाब, बांधावर थोडा भाजीपाला. तो ब्रिटनमधल्या टीव्हीचा दिग्दर्शक होता, पंचाहत्तरीच्या आसपासचा. इकडच्या फुलांवर त्याला माहितीपट करायचा होता. वावरातून फूल लग्नाच्या मांडवात कसं जातं आणि तिरडीवर कसं जातं, अशी काहीतरी कल्पना. सोबत एक कॅमेरामन आणि आवाज टिपणारी एक बाई. दुभाषी म्हणून कोणी माझं नाव सुचवलं, आणि क्लासला सुट्टी टाकून मी त्यांच्या गाडीत बसले.

तेव्हा मी त्याला 'सर' म्हणत होते, अहो-जाहो करत होते. ते आता माझ्याच्यानं होणार नाही. इथं तो 'तो'च राहील.

अमरावतीचा फुलबाजार, बडनेऱ्याला रेल्वेगाडीत चढणारे फुलांचे गठ्ठे, अकोल्याचे मांडव सजवणारे लोक, असं आमचं फिरणं चालू होतं. अमरावती ते अकोला आणि अकोला ते अमरावती. त्या रस्त्यावर त्यानं मला त्याचं सगळं आयुष्य सांगितलं. सांगायचा मात्र असा, की रस्ता कधी सरला ते कळू नये!

बाप बंदरगावात मासे विकायचा. शाळा अर्धवट सोडून हा स्टुडिओत केबली ओढायला लागला. मग कानाला हेडफोन लावून नटांना खुणा करणारा झाला, मग दिग्दर्शक. त्या काळात तिकडं टीव्हीवरची नाटकं थेट दाखवायचे. इकडं नट बोलतोय, तिकडं लोक घरात बघताहेत, चुकलं तर चुकलं. याच्या पहिल्याच नाटकात म्हातारा नट वाक्य विसरला. पार कोरा. यानं काय केलं, तर कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळावर लावला आणि तिथंच ठेवला. तेवढ्यात कोणीतरी खाली वाकून नटाला वाक्य सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या घड्याळाचीच तारीफ! काय तो ताण, काय ती कल्पकता. हे सांगताना तो मांडीवर थाप मारून हसायचा, आणि मीही हसायचे.

पुढं पोलिसांच्या मालिका केल्या, दवाखान्याच्या केल्या, स्वयंपाकाचा एक कार्यक्रम केला. मुलांची एक प्रश्नमंजुषाही करावी लागली, तिचा विषय निघाला की अजूनही त्याचं तोंड कडू व्हायचं. मग चॅनलमध्ये नवे साहेब आले, त्याच्या निम्म्या वयाचे. त्यांनी सांगितलं, तुमची गती संथ आहे. काम बंद झालं. बायको निघून गेली. तेव्हापासून दूरदूरच्या देशांत असे छोटे माहितीपट करत होता. "हा बहुतेक माझा शेवटचा," तो एकदा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "एक तरी शॉट असा मिळावा, की लोकांनी मला त्या घड्याळासाठी आठवू नये."

मला भरून आलं होतं. खरंच सांगते, भरून आलं होतं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा त्यानं मला एक गंमत दाखवली. आमचा ड्रायव्हर टपरीच्या बाकावर नुसता बसला होता, चेहऱ्यावर काहीच नाही. यानं मोबाईलवर त्याचा फोटो काढला. मग समोशांच्या परातीचा काढला, मग एका पंक्चर टायरचा. आधी चेहरा, मग समोसे असं दाखवून विचारलं, "हा कसा दिसतो?" मी म्हटलं, "भुकेला." मग तोच चेहरा, आणि नंतर टायर. "आता?" मी म्हटलं, "काळजीत आहे बिचारा." आणि ड्रायव्हर तर काहीच करत नव्हता. पेंगत होता. दिग्दर्शक म्हणाला, "माझा सगळा धंदा एवढाच आहे. चेहऱ्याला अर्थ नसतो, शेजारी काय ठेवता त्याला असतो." मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरलाही ती गंमत दाखवली. तो म्हणाला, "अबे, मले तं झोप येऊन रायली होती!"

आमच्या वावरात शूटिंग करायचं ठरलं तेव्हा त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. सगळ्या शिवारात झेंडू पिवळाधमक फुललेला आणि आमच्याकडं झेंडूचं एक झाड नाही. दसरा तोंडावर असताना फुलं पिकवणाऱ्याकडं झेंडू नाही, असं कसं? नजर तेज होती त्याची, ते नाकारत नाही. त्यानं गाडीत विचारलं, मी सांगितलं.

माझी मोठी बहीण अकोल्याला दिली होती. लहान मुलीला घेऊन ती नवरात्रात माहेरी आली आणि तापानं पडली. दसऱ्याच्या सकाळी बाबा भाड्याच्या टेम्पोत झेंडू भरून अमरावतीच्या बाजारात गेले होते, आणि इकडं ताईची शुद्ध हरपली. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिची मुलगी अकोल्याला आजीकडं वाढली. तेव्हापासून आमच्या वावरात झेंडू लावला नाही. अकोल्याकडचे कोणी कोणी आडून बोलायचे, की पोरगी मरून रायली होती आन् बाप फुलं विकून रायला होता. आमच्या घरात मात्र त्या सकाळबद्दल कोणी बाबांना विचारलं नव्हतं, आणि बाबाही कधी बोलले नव्हते. ना आईशी, ना माझ्याशी.

"मी विचारू का?" दिग्दर्शकानं म्हटलं. "त्यांना नको असेल तर कॅमेरा बंद करू. तुला माझा शब्द." त्याचा हात माझ्या हातावर होता. मी हो म्हटलं.

समोरच्या खोलीत बाबांना खुर्चीवर बसवलं. टोपी नीट, धुतलेला सदरा. त्यानं इंग्रजीत विचारलं, मी बाबांना सांगितलं, "बाबा, ते विचारतात, ताई आजारी पडली तेव्हा तुम्ही बाजारात होते का?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, उठून जातात आता. पण ते म्हणाले, "हो, दसऱ्याचा बाजार होता." आणि थांबलेच नाहीत. पहिल्यांदा, माझ्या देखत, सगळं बोलले. घरून फोन आला तेव्हा टेम्पो गिऱ्हाइकांनी वेढलेला होता. बाबांनी मागचा फळका पाडला आणि वर्षाचा झेंडू होता नव्हता तेवढा रस्त्यावर ओतला. "लोकं म्हने, म्हातारा भैसाटला, पागल झाला. म्या म्हनलं, जागा पायजे, माह्या पोरीले निजवाले जागा पायजे." तोच टेम्पो घरी आणून, त्यात ताईला घालून त्यांनी अमरावतीला दवाखान्यात नेलं. डोकं मांडीवर. तिच्या केसांत टेम्पोतल्या पाकळ्या अडकल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत ते तिच्या पायाशी बसून होते. "मंधात शुद्धीवर आली तं मले म्हने, बाबा, फुलं गेले का? म्या म्हनलं, गेले वं, सारे गेले." एवढं बोलून बाबांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मी भाषांतर करता करता रडत होते. आवाजवाली बाईही रडत होती. आई स्वयंपाकघरात होती, तिकडून भांड्याचा आवाज यायचा थांबला होता.

मग आवाजवाल्या बाईनं सांगितलं, खोलीचा आवाज घ्यायचा आहे. ही त्यांची रीत असते. बोलणं संपलं की अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा, पुढं एडिटिंगच्या जोडकामात लागतो म्हणे. मी बाबांना म्हटलं, "बाबा, आता जरा वेळ सगळ्यांनी शांत राहायचं."

बाबा ताडकन उठले. टोपी सारखी केली, पाय जोडले, हात समोर बांधले आणि मान खाली घातली.

आमच्याकडं दुसरं काय करणार? ग्रामपंचायतीच्या सभेत, शाळेच्या मैदानात, लग्नाच्या मांडवातसुद्धा कोणी माईकवर म्हणालं, की आपण शांत राहू, तर माणूस श्रद्धांजलीला उभाच राहतो. बसून कोणी शांत राहतं का? मी म्हणणारच होते, की बाबा, बसा, कोणी नाही मेलं. पण दिग्दर्शकानं हातानं मला थांबवलं. कॅमेरा चालू होता. मी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. इतकं रडल्यावर असं हसू येतं, त्याला काय करावं?

परतताना गाडीत मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यांना वाटलं कोणाला तरी श्रद्धांजली आहे, आमच्यात असंच असतं, म्हणून उभे राहिले. तो डोळे पुसत पुसत हसला. म्हणाला, "किती सुंदर आहे हे." म्हणजे त्याला माहीत होतं. ही गोष्ट मला अगदी नीट लिहून ठेवायची आहे. त्याला माहीत होतं.

चित्रपट तयार झाला तेव्हा त्यानं लिंक पाठवली, सोबत खूप प्रेमाचे शब्द. आम्ही समोरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. आईनं शिरा केला होता. बाजार आला, बडनेरा आलं, अकोल्याचा मांडव आला, सगळं फार देखणं. मग आमची खोली आली. त्याचा आवाज, इंग्रजीत: मुलगी आजारी पडली तेव्हा तुम्ही बाजारात होता का? बाबा म्हणतात, "हो, दसऱ्याचा बाजार होता."

आणि पुढच्या क्षणी बाबा उभे. हात बांधलेले, मान खाली. खोलीत चिडीचूप. ते तसेच उभे, उभे, उभे. मग झेंडूचे ढीग, पैसे मोजणारे हात, आणि त्याचा तो भारदस्त आवाज: फुलं थांबत नाहीत.

टेम्पो नाही. रस्त्यावर ओतलेला झेंडू नाही. मांडीवरचं डोकं नाही. ते सगळं कुठं गेलं?

आई उठून आत गेली. बाबांना इंग्रजी येत नाही, पण चित्र तर कळतं. ते म्हणाले, "माहं बाकीचं काहून नाही दाखवलं?" शिरा तसाच राहिला.

तरी बाहेरचे लोक गेले उडत, आम्ही सोसलं असतं. पण भाची तेव्हा बारावीनंतरच्या क्लाससाठी अमरावतीत होस्टेलला आली होती. दर रविवारी आमच्याकडं यायची. बाबांना ती आबा म्हणायची, त्यांच्या गाडीवर मागं बसून फुलबाजारात जायची. ताईचं म्हणून आमच्याकडं जे काही उरलं होतं, ते ती होती. तिच्या मैत्रिणीनं मोबाईलवर तो तुकडा दाखवला. फोन आला.

"मावशी, आबा खरंच बाजारात होते?"

"होते, पण ऐक तर—"

"त्यायनं मान खाली घातली, मावशी. म्या पाहिलं ना. मानूस उगीच मान खाली घालते का?"

मी टेम्पोचं सांगितलं, श्रद्धांजलीचं सांगितलं. ती म्हणाली, "शांत राहा म्हनलं म्हनून उभे रायले? काईबी! तू त्यायच्या गाडीत फिरली, त्यायचं काम केलं. तू आता असंच म्हननार." आणि ठेवला. त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. दिवाळीला परस्पर अकोल्याला गेली.

मी दिग्दर्शकाला फोन लावला. त्याच्याकडं सकाळ होती, आवाज प्रसन्न. मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, चॅनलनं वेळ कमी करून दिला, उत्तर लांब होतं, तेही दुभाष्यातून. मी काही बनवलं आहे का? तुझे वडील उभे राहिले होते की नाही?

"ते का उभे राहिले ते तुम्हाला माहीत होतं."

"होतं," तो म्हणाला. "पण बघणाऱ्याला ते कळायची गरज नव्हती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला शॉट आहे. तुझ्या वडिलांचा मी सन्मान केला आहे."

सन्मान! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, बाकीचं रेकॉर्डिंग द्या, माझ्या भाचीला दाखवायचं आहे. म्हणे ते चॅनलच्या मालकीचं. मग त्यानं विचारलं, "आई बरी आहे का? तिच्या ठेच्याची आठवण येते." केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी इंग्रजी शिकवते, पण त्या दिवशी त्याला दिलेल्या शिव्या शुद्ध वऱ्हाडीत होत्या. मूर्तिजापूरच्या टपरीवर त्यानं मला सगळं सांगूनच ठेवलं होतं. मी मात्र टाळ्या वाजवत बसले होते, आणि त्या पेंगणाऱ्या ड्रायव्हरच्या जागी त्यानं माझा बाप ठेवला, समोशांच्या जागी पैसे मोजणारे हात.

बाबांना म्हटलं, होस्टेलवर जाऊ, तुम्ही स्वतः तिला सांगा. ते म्हणाले, "म्या काहून सफाई देऊ वं? माह्या नातीले माहा भरोसा नाही, तं सांगून काय फायदा?" पण रविवारी गाडी पुसायचे. पुसून दारात लावायचे आणि दुपारी परत आत घ्यायचे. हे मी बघत होते आणि काही करू शकत नव्हते.

मग तो मेला. आवाजवाल्या बाईनं कळवलं. ऑनलाइन शोकसभा आहे, येशील का? मी जाणार होते. मला त्याच्या सगळ्या गोतावळ्यासमोर बोलायचं होतं. इंग्रजीत वाक्यं तयार होती, पाठ होती.

योग बघा कसा. त्याच संध्याकाळी भाची आली. तिच्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि अकोल्याच्या आजीनं बजावलं होतं, की आजोळी पत्रिका हातानंच द्यायची, पाठवायची नाही. ती दारातच उभी. आईनं कुंकू लावलं, पाणी दिलं. "बस ना वं." "नाही आजी, जाऊन राहिली." बाबा खुर्चीवर होते. मी लॅपटॉपसमोर होते.

पडद्यावर म्हातारे म्हातारे गोरे लोक. एकानं घड्याळाचा किस्सा सांगितला, सगळे हसले. एक बाई त्याच्या दवाखान्याच्या मालिकेबद्दल बोलली. मग म्हणाले, आता त्याचा सर्वात प्रसिद्ध शॉट. आणि आमची खोली आली. बाबा, हात बांधलेले, मान खाली. भाचीनं तोंड फिरवलं आणि चपलेत पाय घातला.

माझी वाक्यं जिभेवर आली होती. तेवढ्यात सूत्रधार म्हणाला, आपण एक मिनिट शांतता पाळू. पडद्यावरचे सगळे आपापल्या खुर्च्यांत गप्प झाले.

बाबांनी विचारलं, "काय म्हनून रायला थो?"

"शांत राहा म्हणतो," मी म्हटलं. माझं लक्षही नव्हतं.

बाबा उठले. टोपी सारखी केली, पाय जोडले, हात बांधले आणि मान खाली घातली. त्या माणसासाठी! माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणाले, "बाबा, बसा. तो त्या लायकीचा नव्हता." ते हलले नाहीत.

दारात भाची एक पाय चपलेत घालून थांबली होती. ती आबांकडं बघत होती. मिनिट संपलं, बाबा खाली बसले.

"आबा," ती म्हणाली, "कोन मेलं?"

"थो सायब. शूटिंगवाला."

"आन् तवा कोन मेलं होतं? शूटिंगच्या दिवशी?"

"तवा? तवा कोनी नाही वं," बाबा म्हणाले. "शांत राहा म्हने थे लोकं. मंग उभं राहाच लागते ना, बाप्पा."

तिनं पायातली चप्पल काढली. आत आली आणि बाबांच्या खुर्चीजवळ खाली बसली. पत्रिका अजून हातातच होती. लॅपटॉपवरून माझं नाव घेऊन कोणीतरी विचारत होतं, भारतातून तुम्हाला काही बोलायचं आहे का?

"आबा," भाची म्हणाली, "आई पडली तवा तुमी बाजारात होते?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"हो," ते म्हणाले, "दसऱ्याचा बाजार होता."

मी लॅपटॉप बंद केला. बाबा पुढं बोलत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.